ओ गटाला काही होत नाही

माझ्या थोरल्या भावाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे, हे आमच्या गावात जवळपास सगळ्यांना माहीत आहे. गाव शिरड शहापूरच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला. कुणाचे बाळंतपण अडले किंवा कुणाचा मोटारसायकलवर अपघात झाला, की पहिला फोन भावाला जातो. तो हातातले काम टाकतो, पाय धुतो आणि हिंगोलीकडे जाणारे मिळेल ते वाहन पकडतो. रक्त देऊन झाल्यावर रक्तपेढीत जो बिस्किटाचा पुडा मिळतो, तो तिथे खात नाही. खिशात घालून घरी आणतो आणि वहिनीच्या हातात देतो.

‘‘बाटलीभर रगताचा एक पुडा,’’ वहिनी म्हणते. ‘‘बराबर हाय तुमचा सौदा.’’

निकडीच्या वेळी ओ पॉझिटिव्हच्या तांबड्या पेशी कोणत्याही पॉझिटिव्ह गटाच्या रुग्णाला देता येतात. भाऊ हे त्याच्या पद्धतीने सांगतो : ‘‘आपलं सगळ्यायला चालतं.’’ या वाक्यात गर्व असतो, पण त्रास देणारा नसतो. उंच माणसाने दुसऱ्याच्या माळ्यावरचे मडके काढून द्यावे, तसा तो रक्त देतो.

काही वर्षांपूर्वी त्याच्या फोनवर एक मजकूर आला. ओ गटाच्या लोकांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा कमी असतो, असे त्यात लिहिले होते. मी हिंगोलीत एका दैनिकात काम करतो, त्यामुळे गावाकडे अशी कोणतीही गोष्ट पोहोचली की ती तपासून घेण्यासाठी माझ्याकडे येते. भावाने फोन केला.

‘‘हे खरं हाय का?’’

मी सांगितले की संशोधकांना असा फरक दिसलेला आहे. पण तो लहान आहे आणि हजारो माणसांची एकत्र मोजणी केल्यावर दिसणारा आहे. एकेका माणसाला काय होईल, ते त्यावरून सांगता येत नाही.

‘‘म्हंजे खरं हाय.’’

‘‘खरं आहे, पण...’’

‘‘खरं हाय ना? मंग झालं.’’

आठवड्याच्या आत तो मजकूर गावातल्या हॉटेलच्या बाकावरून फिरून लहान झाला. ‘ओ गटाला काही होत नाही’ एवढाच उरला. भावाच्या शेजारच्या शेताचा मालक, म्हणजे त्याचा बालमित्र, ए गटाचा आहे. त्याच्या कपात साखर पडताना कुणी ना कुणी म्हणायचे, ‘‘त्येला कमी टाक रे, ए वाला हाय त्यो.’’ मित्र शिव्या देत दोन चमचे जास्त घ्यायचा. भाऊ हसायचा. रक्तगटावरून माणसाचे भविष्य सांगण्याचा तो खेळ होता आणि त्यात भाऊ नेहमी जिंकलेल्या बाजूला असायचा.

मी सांगतो ते या खेळानंतरच्या एका हळदीच्या हंगामाबद्दल आहे.

आमच्या भागात हळद जमिनीतून काढल्यावर शिजवावी लागते. पूर्वी मोठ्या कढया असत. आता वाफेवर शिजवणारा कुकर ट्रॅक्टरमागे लावून शेतोशेत फिरतो. त्याचा नंबर लावावा लागतो. ज्या दिवशी नंबर येईल त्या दिवशी उकरलेली हळद, सरपण, पाणी आणि माणसे तयार पाहिजेत. माणसे सावडीने जमतात : आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. मजुरी कुणी कुणाला देत नाही. आलेला हात परत जायचा, एवढाच नियम.

त्या वर्षी भावाचा गुडघा दुखत होता. बाजारातल्या औषधाच्या दुकानातून त्याने दुखण्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणल्या होत्या. सकाळी काळ्या चहाबरोबर एक, दुपारी जेवण चुकले तर पाण्याबरोबर एक. गोळी घेतली की गुडघा चालायचा आणि गुडघा चालला की उकरणी चालायची. पोटात जळजळ होत होती, ती त्याने कुणाला सांगितली नाही.

मी एका रविवारी गावी गेलो. त्या हंगामात आमच्याकडे सगळ्यांचे हात पिवळे असतात. तळवे, नखांच्या कडा, कपाळ जिथे घाम पुसला असेल तिथे. त्यामुळे एखादा माणूस फिका पडला तर ते हातावरून कळत नाही. भाऊ दुपारी ओसरीवर बाजेवर पडला होता. तो दुपारी कधी पडत नाही. हंगामाचा थकवा असेल असे मला वाटले. त्यालाही तसेच वाटत होते.

वहिनीकडे शेळ्या आहेत. शेळी मलूल दिसली की ती तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहते. आत लाली असेल तर ठीक. पांढरट दिसले तर शेळीच्या अंगात रक्त नाही आणि पोटात जंत आहेत. हे आमच्याकडे शेळ्या पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. वहिनी धान्य पाखडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवले, बाजेजवळ आली आणि भावाची पापणी खाली ओढली.

‘‘मी काय शेळी हाव का?’’

‘‘शेळी बरी. ती खोटं बोलत न्हाई. संडासला कशी व्हऊन राहिली तुमाला?’’

‘‘भावासमोर काय इचारतीस?’’

‘‘भाऊजी पेपरात छापणार न्हाईत. सांगा.’’

‘‘काळी.’’

‘‘कवापासून?’’

‘‘उडदाचं घुटं खाल्लं तवापासून.’’

‘‘घुटं आपुन संक्रांतीच्या आधी खाल्लं.’’

मी पापणी पाहिली. आतला भाग कागदासारखा होता. शौच काळे, डांबरासारखे चिकट होत असेल तर पोटात कुठेतरी रक्त वाहत असते, एवढे मला माहीत होते. ते मी बोललो. वहिनी आत जाऊन त्याचा सदरा घेऊन आली.

‘‘उद्या कुकर येऊन राहिला,’’ भाऊ म्हणाला. ‘‘नंबर गेला तर पुन्हा कवा मिळंल? उकरलेली हळद ढिगात सडंल. परवा जातो.’’

‘‘सडू द्या.’’

‘‘मला काही होत न्हाई. ओ गट हाय माझा.’’

वहिनीने यावर वाद घातला नाही. तिने घरामागच्या बांधावर उभ्या असलेल्या ए गटाच्या मित्राला हाक मारली आणि सगळे एका वाक्यात सांगितले. मित्र बाजेपाशी आला. त्याने भावाला एकदा पाहिले.

‘‘तुझी हळद आमी शिजवतो. तू जा.’’

‘‘तुला पाण्याचा अंदाज न्हाई. मागच्या साली तुझीच कच्ची राह्यली.’’

‘‘मंग तुझी बी कच्ची राहील. ऊठ.’’

भाऊ उठला आणि उभ्या उभ्या बाजेच्या खुराचा आधार घेऊन खाली बसला. मित्राच्या जीपमधून आम्ही औंढ्यावरून हिंगोलीला आलो. वाटेत वहिनीने त्याचे डोके मांडीवर घेतले होते आणि ती त्याला सतत काही ना काही विचारत होती : कोणत्या वावरात किती बेणं ठेवायचं, कोणती शेळी कधी व्याणार. उत्तरे येत होती. एक आले की वहिनी पुढचा प्रश्न विचारायची. उत्तरे हवीत म्हणून ती विचारत नव्हती. ती सगळी तिला माहीत होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला आणि विचारले, ‘‘गोळ्या कोणत्या घेता?’’ भावाने बंडीच्या खिशातून अर्धी संपलेली पट्टी काढली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि सलाईन लावायला सांगितले. पोटातला व्रण वाहत असावा. रक्त चढवावे लागेल. रात्रीत पुन्हा वाहिले तर अवघड होईल, असे त्यांनी वहिनीला आणि मला बाजूला घेऊन सांगितले. ‘अवघड’ या शब्दाचा अर्थ वहिनीने विचारला नाही.

रक्तपेढीत ओ पॉझिटिव्हच्या थोड्याच पिशव्या होत्या. हा गट पुष्कळांचा असतो, म्हणून मागणीही त्यालाच जास्त असते. जुळणी तपासून त्यातल्या दोन भावासाठी दिल्या. आणखी लागल्या तर काय, हा प्रश्न होता. माझा गट बी आहे. इतकी वर्षे माझ्या भावाने अनोळखी माणसांना रक्त दिले होते आणि त्याला देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. ओ गटाला फक्त ओ गटाचेच चालते. सगळ्यांना देऊ शकणाऱ्या माणसाला घ्यायची वेळ आली की त्याच्यापुढे एकच दार उरते. हे मी अनेकदा लिहिले होते. त्या कॉरिडॉरमध्ये ते पहिल्यांदा कळले.

मित्राने गावात फोन केला होता. दिवस मावळायच्या आत दोन जीप भरून माणसे आली. कुणी हळदीच्या ढिगावरून उठून तशीच आली होती, त्यांच्या पिवळ्या हातांचे ठसे रक्तपेढीच्या काचेच्या दरवाजावर उमटले. पेढीतल्या तंत्रज्ञाने पाहिले आणि तो म्हणाला, ‘‘कावीळ झालेल्यांचं घेत नाही आम्ही.’’ सगळे हसले. हसायची गरज होती.

माझे रक्त चालत नाही हे कळल्यावर गावातला एक म्हातारा माझ्याकडे पाहत म्हणाला, ‘‘सख्खा भाऊ ना तू? का इचारून घ्यावं लागंल कुणाला?’’

‘‘आईबापाचे गट वेगळे असले की भावंडांचे वेगळे होऊ शकतात, आबा.’’

‘‘हां. तू पेपरवाला, तू म्हणशील ते.’’

आलेल्यांत वाडीवरचा एक शेतकरी होता. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात भावाने रक्त दिले होते. तो सगळ्यांच्या पुढे जाऊन खुर्चीत बसला आणि बाही वर केली. तपासल्यावर त्याचा गट बी निघाला. तंत्रज्ञ म्हणाला, ‘‘तुमचं घेतो, पण ते त्यांना चालणार नाही.’’

‘‘काहून? त्येचं माझ्या बायकोला चाललं. माझं त्येला काहून न्हाई?’’

‘‘त्यांचा ओ आहे. तुमचा बी.’’

‘‘सावड हाय ही. त्यो माझ्याकडं आला, म्या त्येच्याकडं आलो. मधी गट कुठून आला?’’

तंत्रज्ञाने शांतपणे सांगितले की तुमची पिशवी दुसऱ्या बी गटाच्या रुग्णाला जाईल. आम्ही तुमच्या माणसाला कपाटातली दिली, तुम्ही कपाट भरून द्या, पेढी अशीच चालते. शेतकऱ्याने थोडा विचार केला.

‘‘म्हंजे तुमचंबी सावडच हाय. फक्त माणूस कोनता ते सांगत न्हाई.’’

‘‘तसंच समजा.’’

त्याने बाही खाली केली नव्हतीच. तो तसाच आडवा झाला.

ओ गटाची माणसे मात्र मिळेनात. एक पोरगं ओ निघालं, पण सुई पाहून त्याचा रक्तदाब इतका घसरला की त्याला तिथल्याच खाटेवर झोपवावे लागले. दुसऱ्याचे हिमोग्लोबिन कमी. तेव्हा मागून हळद उकरणाऱ्या टोळीची मुकादम पुढे आली. ती तांड्यावरची, पन्नाशीच्या अलीकडची असावी. भावाच्या शेतात दर वर्षी तिचीच टोळी असते आणि गावातले लहानथोर तिला मावशी म्हणतात. तिचा गट ओ आहे हे तिला शेवटच्या बाळंतपणापासून माहीत होते. इतका वेळ ती का थांबली, असे मी विचारले.

‘‘बाप्ये लोकायला आधी चान्स दिला,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाई तर म्हणले आसते, मावशीनं घाई केली.’’

तिचे हिमोग्लोबिन तिथल्या बहुतेक पुरुषांपेक्षा जास्त निघाले. तंत्रज्ञाने तो आकडा मोठ्याने सांगितला. खाटेवर झोपलेल्या पोराकडे बघून ती म्हणाली, ‘‘उठ रे लेकरा, जागा दे.’’ आणि खरोखरच त्याच्या जागेवर जाऊन पडली. तिच्यामागोमाग टोळीतल्या आणखी एका बाईचे रक्त जुळले.

भावाला तिसरी पिशवी लागली. ती पेढीने दिली. चौथी लागली नाही. वाहणे थांबले होते. ते कळल्यावर वहिनी पहिल्यांदा खुर्चीत बसली. गावातली माणसे कुणाला काही न सांगता जीपकडे निघाली, कारण सकाळी कुकर यायचा होता. जाताना ए गटाचा मित्र वॉर्डच्या दारातून एवढेच म्हणाला, ‘‘पाणी किती टाकायचं ते सांग लवकर.’’ भावाने डोळे न उघडता सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून तपासणी झाली. जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण होता. पोटात एक जंतूही निघाला, जो असे व्रण होण्याचे नेहमीचे कारण आहे. त्यासाठी औषधे सुरू झाली आणि दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद. भाऊ बोलता झाल्यावर त्याने डॉक्टर बाईंना जो पहिला प्रश्न विचारला, तो मला अपेक्षित होता.

‘‘मॅडम, माझा गट तर ओ हाय. मंग हे कसं झालं?’’

मला वाटले होते त्या हसतील. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. ओ गटाच्या रक्तात, त्यांनी सांगितले, रक्त गोठायला मदत करणारा एक घटक इतरांपेक्षा थोडा कमी असतो. त्यामुळे नको तिथे गुठळी होण्याची शक्यता थोडी कमी. हृदयाचा जो फायदा तुम्ही वाचलात, तो बहुधा त्यातूनच येतो. पण गोठणे कमी म्हणजे जखम झाली तर ती जरा जास्त वाहणार. आणि असे व्रणही ओ गटात थोडे अधिक दिसतात.

‘‘म्हंजे ज्यानं वाचवायचं, त्यानंच बुडवलं.’’

‘‘नाही. बुडवलं गोळ्यांनी आणि त्या जंतूनं. गटानं फार तर मागून हलका धक्का दिला असेल, आणि तोही मी सिद्ध करू शकत नाही.’’ मग त्यांनी विचारले, ‘‘गट बदलता येतो का तुम्हाला?’’

‘‘न्हाई.’’

‘‘उपाशीपोटी गोळी न घेणं जमलं असतं का?’’

‘‘जमलं आसतं,’’ तो म्हणाला.

मी बरीच वर्षे बातम्या लिहितो. एखादी शास्त्रीय गोष्ट दोन बाजूंनी, अर्धवट न सोडता आणि ऐकणाऱ्याचा अपमान न करता सांगणे किती कठीण असते, ते मला माहीत आहे. ते इतक्या थोड्या वाक्यांत झालेले मी क्वचित पाहिले आहे. आणि आपण आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला, त्याच्याबद्दल असे काही ऐकून वाद न घालता ‘जमलं आसतं’ म्हणणारी माणसेही मी फार पाहिलेली नाहीत.

तो घरी आला तेव्हा हळद शिजून अंगणात वाळत पडली होती. मित्राच्या हातून एक पाळी थोडी जास्त शिजली होती. भावाने एक कांडे मोडून पाहिले आणि पुन्हा ढिगात टाकले. हॉटेलच्या बाकावर आता उलटा खेळ सुरू झाला होता : ‘‘ओ वाल्या, जेवलास का?’’ त्यावर भाऊ पोटावर हात ठेवून ‘जेवलो’ म्हणायचा. गावातले लोक मला फोन करून आपापल्या गटाला कोणता रोग होतो, ते विचारू लागले. मी डॉक्टर बाईंनी सांगितलेलेच सांगत होतो. काही ऐकत होते. काही ‘म्हंजे खरं हाय’ म्हणून फोन ठेवत होते.

चालायला लागल्यावर भाऊ आणि वहिनी तांड्यावर गेले. मी त्यांच्याबरोबर होतो. वहिनीने नव्या हळदीची पिशवी घेतली होती. मावशी दारात भांडी घासत होती. तिने बाज टाकली आणि चहा ठेवला. भावाने डॉक्टरांनी चहा बंद केल्याचे सांगितले. तिने चहा सुनेकडे सरकवला आणि भावाला पेलाभर दूध देऊन ती पुन्हा भांड्यांना लागली.

‘‘मावशी,’’ भाऊ म्हणाला, ‘‘तुमाला एक सांगायचं हाय. मला चढलं ते तुमचं रगत नव्हतं.’’

मावशीने हात थांबवले. ‘‘मंग?’’

भावाला हे रक्तपेढीतून कळले होते. नुकते दिलेले रक्त तपासण्या झाल्याशिवाय कुणाला देत नाहीत. त्याला मिळालेल्या पिशव्या आधीपासून तिथे ठेवलेल्या होत्या. हे सांगितले नसते तरी चालले असते. तांड्यावर आणि गावात सगळे तिचेच रक्त त्याच्या अंगात आहे असे धरून चालले होते आणि तिला त्याचा मान मिळत होता. पण भावाला ते खोटे वाटत होते. पुन्हा कधी रक्त देता येईल, हे डॉक्टरांनी अजून त्याला सांगितलेले नाही, आणि घेणाऱ्याच्या जागी बसायची त्याला सवय नाही. निदान कुणाचे घेतले, एवढे तरी बरोबर असावे, असे त्याला वाटत असावे.

‘‘कुणाचं होतं, ते सांगत न्हाईत,’’ तो म्हणाला. ‘‘आन् तुमचं कुणाला गेलं, ते बी सांगत न्हाईत.’’

मावशीने पुन्हा भांड्याला राख लावली.

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाई तर ज्याला गेलं त्यो बी दूध प्यायला आला आसता. म्हैस एकच हाय माझी.’’